कबरस्तानातली शेजारची जागा

चौबे कॉलोनी, रायपूर
सोमवार, १७ एप्रिल २००६

प्रिय पद्मिनीताईंना परागचा सप्रेम सलाम.

सव्वा वर्षात तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, याची आधी क्षमा मागतो. सबबी शोधून पाहिल्या, खरी अशी एकही निघाली नाही. माझ्या दुसऱ्या लग्नाला तुम्ही अचलपूरहून कुकर पाठवलात आणि सोबत चिठ्ठी होती, ‘शर्मिष्ठेला आवडलं असतं.’ तुमच्या धाकट्या बहिणीला नेमकं काय आवडलं असतं, कुकर की लग्न, हे ठरवण्यात माझे सहा महिने गेले. पुढे इतका उशीर झाला की आता उत्तर लिहिण्यापेक्षा न लिहिणंच कमी उद्धटपणाचं, असं वाटू लागलं. (कुकर उत्तम आहे.) गुडघे कसे आहेत? तीस वर्षं मेट्रन म्हणून दुसऱ्यांना वेळेवर गोळ्या दिल्यात, आता स्वतःच्याही घेत असाल अशी आशा करतो, खात्री नाही.

आमच्या घराची रचना एकदा नीट सांगतो, कारण रेशनकार्डाच्या बाबूलाही त्यासाठी दोनदा यावं लागलं. घरात मी, तुमची भाची स्नेहल (सोळा पूर्ण, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत), माझी पत्नी सुनेत्रा, आणि सुनेत्राच्या दिवंगत पहिल्या नवऱ्याची आई, कमलाअम्मा. म्हणजे मला सासू आहे, पण ती माझी सासू नाही. सुनेचं बस्तान बसवून द्यायला म्हणून अम्मा आठ दिवसांसाठी आल्या होत्या, त्याला आता पंधरा महिने झाले. चर्चमध्ये त्या माझी ओळख करून देतात, “ये परागबाबू हैं, हमारे कृष्णा की जगह आए हैं.” जणू बदलीवर आलो आहे आणि चार्ज अजून पूर्ण मिळालेला नाही. बैठकीत कृष्णाचा फोटो आणि शर्मिष्ठेचा फोटो समोरासमोरच्या भिंतींवर आहेत. कोणाला कमीपणा वाटू नये म्हणून मी टेप लावून दोन्हींची उंची सारखी ठेवली. परिणाम असा की ते दोघं दिवसभर एकमेकांकडे बघत असतात आणि सुनेत्रा आणि मी मधून मान खाली घालून जातो.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना मात्र आम्ही चुकवत नाही. चुकवली असती तर बरं, असं एकदा मनात आलं आणि त्याची मी डायरीत नोंद केली. अम्मा मला प्रत्यक्ष काही सांगत नाहीत, देवामार्फत सांगतात. “प्रभु, परागबाबू को याद दिला कि गैस का नंबर लगाना है.” डोळे मिटलेले असताना माणूस उलट उत्तर कसं देणार? सुनेत्रानेही ही पद्धत उचलली आहे. स्नेहल मनातल्या मनात प्रार्थना करते, त्यामुळे तिच्या तक्रारी थेट वर जातात, आम्हाला कळत नाहीत.

आता माझ्या हातून काय घडलं ते सांगतो. रायपूर राजधानी झाल्यापासून इथे जिवंतांनाच जागा मिळेना, तर बाकीच्यांचं काय. आमचं जुनं कबरस्तान भरत आलं. नवी जागा मिळाली ती बावीस किलोमीटरवर, जिथे पुढेमागे नवं शहर होणार म्हणतात. आज तिथे बाभळी आहेत आणि एक पाटी आहे. मी कबरस्तान समितीचा सचिव. (कचेरीत टिपणं लिहून हात बसला आहे, म्हणून मला केलं. मला मान वाटला, हेही कबूल करतो.) जुन्या जागेवरून घराघरांत भांडणं सुरू झाली, तेव्हा मी एक नियमावली तयार केली. जुन्या कबरस्तानात प्रत्येक कबरीशेजारी एकच जागा. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी. दगडावर नाव आधीच कोरलेलं असेल तर तीच त्याची जागा. बाकी सगळे बाभळींत. मसुद्यात ‘विशेष परिस्थितीत अपवाद’ अशी एक ओळ होती, ती मीच खोडली. अपवाद ठेवला की वशिला आत येतो, असं मी सभेत म्हणालो आणि दोघांनी मान डोलावली.

यादी मी कबरींच्या क्रमांकाने केली, घरांच्या नाही. घोळ इथेच झाला. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, हातात झावळ्या घेतलेल्या भरल्या मंडळीपुढे, पाळकसाहेबांनी मला ती वाचायला सांगितली. मी खणखणीत आवाजात वाचली. कबर एकेचाळीस, दिवंगत शर्मिष्ठा, शेजारची जागा श्री. पराग. (नऊ वर्षांपूर्वी त्या दुःखात मी जोडीचा दगड करून घेतला होता, आठवतं? माझं नाव, जन्मसाल आणि पुढे एक रेघ. तुम्ही म्हणाला होता, “परागराव, घाई करू नका.” त्यावर मी तुम्हाला निष्ठेवर अर्धा तास ऐकवलं होतं.) कबर सदुसष्ट, दिवंगत कृष्णा, शेजारची जागा मातोश्री कमला. (सुनेत्राने दुसरं लग्न केलं, म्हणून ती जागा आईकडे.) आणि अगदी शेवटी, नवं कबरस्तान, एकल, श्रीमती सुनेत्रा. ‘एकल’ हा शब्द मीच सुचवला होता. वाचून झाल्यावर मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. सुनेत्रा झावळीची टोकं एकेक करून मोडत होती.

ती भांडली असती तर मी नियम समजावून सांगितला असता. (बहुधा म्हणूनच भांडली नाही.) ती मला ‘सचिवजी’ म्हणू लागली. जेवताना माझं ताट टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, स्नेहलच्या शेजारी. मी विचारलं, इकडे का? “काहून, तुमची जागा तिकडेच हाये ना? यादीत पाहून घ्या.” आणि प्रार्थनेत, अगदी शांत आवाजात, “प्रभू, त्या बावीस किलोमीटरवर एखादी बस सुरू कर. पाहुणे येतील तर त्याहिले सोय पाहिजे.” अम्मांनी मोठ्यांदा आमेन म्हटलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींना चुना लावायचा, हे तुम्हाला सांगायला नको. शनिवारी आम्ही चौघं दोन बादल्या घेऊन गेलो. कृष्णाच्या दगडावरची अक्षरं उडाली होती, तेव्हा काळा रंग भरायचं काम माझ्याकडे आलं. दगडावर कोरलंय, ‘फिर मिलेंगे, तुम्हारी सुनेत्रा.’ माझ्याच बायकोने दिलेलं हे वचन मी उकिडवा बसून, जीभ दातात धरून, बारीक ब्रशने गिरवत होतो आणि मागे उभ्या अम्मा म्हणत होत्या, “‘फिर’ को थोड़ा मोटा करो, परागबाबू. दूर से दिखना चाहिए.” मी केलं. पाळकसाहेब म्हणतात की तिकडे नवरा-बायको असं काही उरत नाही. त्यांचं स्वतःचं लग्न एकदाच झालेलं आहे, त्यांना म्हणायला काय जातं.

मग शर्मिष्ठेच्या दगडापाशी आलो. सुनेत्राने माझ्या हातातून ब्रश घेतला आणि माझं नाव रंगवायला बसली. मी नको म्हणालो. “तुमी काहून घाबरून राहिले? नावच तं आहे. रेघेच्या पुढं मी काही लिहीत नाही.” दर वर्षी ती हा दगड बघते, मला ठाऊक होतं. पण तिला काय वाटत असेल हा प्रश्न मला नियमावली करताना सुचला नाही, तो तिथे सुचला. मी स्नेहलला हळूच म्हटलं, माझं नाव इथून काढलं तर? पोट्टी माझ्याकडे न बघता म्हणाली, “हटा दो. बस, मम्मी के पास कोई तो अपना रहना चाहिए.”

काल, ईस्टरच्या पहाटेची उपासना कबरस्तानातच झाली. नंतर सगळे चहा पीत उभे असताना अम्मा समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “मेरी जगह बहू को दे दो. मैं उधर चली जाऊँगी, हवा अच्छी है.” ताई, याहून मोठं मन मी पाहिलेलं नाही. पंधरा महिने मी त्या बाईंवर डायरीत जे लिहिलं ते सगळं खोडावं असं वाटलं. अध्यक्षांचे डोळे भरून आले. “हव, बने बात हे,” कोणीतरी छत्तीसगढीत पसंती दिली. मग सगळे सचिवाकडे वळले. आणि मी म्हणालो, “नियम में नहीं बैठता.”

नियमात ते बसतं. चौथं कलम, मीच लिहिलेलं: घरातल्या घरात जागेची अदलाबदल करता येईल. मी देवाच्या अंगणात, ईस्टरच्या दिवशी, बशीत चहा असताना, साफ खोटं बोललो. कारण सुनेत्रा कृष्णाशेजारी गेली असती आणि मला ते सहन होत नव्हतं. मी मात्र एकेचाळीस नंबरवर आडवा होणार होतो, ते कोणी सहन करायचं, हा विचार मला चहा संपल्यावर आला.

थांबतो. सगळ्यांचे सलाम. प्रभू तुमच्या गुडघ्यांना बळ देवो.

तुमचा,
पराग

ता. क. : मूळ विषय राहिलाच. एकेचाळीसच्या शेजारची जागा तुम्ही घ्याल का? (आत्ता नव्हे. सावकाश.) सख्ख्या बहिणीला ती मिळू शकते, मी कलम दोनदा वाचलं. स्नेहलला विचारलं, ती म्हणाली, “मौसी चलेगी.” मग माझं नाव घासून काढता येईल आणि मी मोकळ्या मनाने बाभळींत जाईन, सुनेत्राच्या शेजारी. संमतीपत्र दोन प्रतींत सोबत आहे, तीस एप्रिलच्या आत पोचावं. कुकरच्या बदल्यात माणसाने काय मागावं याला काही मर्यादा असते, हे मला कळतं.

ता. क. २ : अध्यक्षांकडे जाऊन चौथ्या कलमाबद्दलचा खोटेपणा आज दुपारी कबूल केला. ते म्हणाले, मला काल चहा पितानाच कळलं होतं.

ता. क. ३ : पत्र परत वाचून पाहिलं. समितीला विचारलं, स्नेहलला विचारलं, तुम्हाला विचारतो आहे. अम्मांनी तर न विचारताच सांगितलं. एका माणसाला अजून कोणी विचारलेलं नाही. हे पाकीट तोवर बंद करत नाही.

उद्याचं काम : सुनेत्राला विचारणे, तिला माझ्या शेजारी चालेल का.