बाळाची शेपूट

बाई, मला झोप नाही. डोळा लागला की सासू बाळाला उचलून बाहेर नेते, लोकांना दाखवायला. म्हणून मी बसूनच राहते. बाळाच्या कमरेखाली शेपूट आहे, बोटाएवढी, मऊ. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत मारुती जन्मला म्हणतात. लोक पाया पडतात, नारळ ठेवतात. पलंगाखाली नारळांचा ढीग, खोलीत पाय ठेवायला जागा नाही.

डॉक्टरीण म्हणाली, पोटात सगळ्याच बाळांना असते, मग जिरते. याची राहिली, आणि आत मणक्याला चिकटलीय. लवकर ऑपरेशन करा, नाहीतर पाय लुळे पडतील. सासू म्हणते, "देवाला सुरी लावणार काय गं तू?" नवरा म्हणतो, "आईला विचार ना."

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण डॉक्टरीण बोलत होती तेव्हा मला तुम्हीच दिसलात. सातवीचा वर्ग. पुस्तकात तो दाढीवाला म्हातारा साहेब, जहाजातून फिरला, पक्ष्यांच्या चोची न् कासवं बघत बसला, आणि म्हणाला माणूस पण जनावरातूनच हळूहळू झाला. आम्ही हसतोय. तुम्ही ओरडता, "दात काय काढता? मागे हात लावून बघा. शेपूट गेली, हाड राहिलं." मागून एक माझ्याकडे बोट करून म्हणते, "बाई, हिची हाय अजून, म्हणून बाकावर टिकत नाय." तुम्हालाही हसू आलं. मग म्हणालात, एवढा हुशार माणूस, पण कितीतरी वर्षं गप्प राहिला. बायको देवाधर्माची, लोक काय म्हणतील. मी विचारलं, मग बोलला कधी? तुम्ही म्हणालात, "दुसरा कोणी तेच बोलायला निघाला तेव्हा."

मला रडू येत नाही, बाई. राग पण येत नाही. पाजते, कुशीवर झोपवते. शनिवारी सासूने भजन ठेवलंय. काल तळव्यांना गुदगुल्या केल्या. उजवा पाय लगेच ओढला त्याने. डाव्याचं मला नीट कळलं नाही. कोणी नव्हतं तेव्हा त्याच्यासमोर हात जोडले.

तुम्हाला कुठे पाठवणार? हा कागद दाराला टांगलेल्या दुधाच्या पिशवीत ठेवते, पहाटे दूधवाला तिच्यात हात घालतो. माझा फोन सासूकडे असतो, गावी व्हिडिओ दाखवायला. ज्याला हे मिळेल त्याने माझ्या भावाला फोन करा. घाटकोपरला रिक्षा चालवतो, नंबर मागे लिहिलाय. सांगा, बहिणीला बाळाचं ऑपरेशन करायचंय, ये. घरात अजून मी हे तोंडातून काढलेलं नाही.