डचेसची औषधपेटी

हॉर्शम
१४ जुलै, सोमवार

प्रिय ऑब्री,

तू खुशाल असशील. असशील म्हणजे आहेसच, आज सकाळी कचऱ्याचा डबा रस्त्यावर ओढताना खिडकीतून दिसलास. टोपी घालत जा, आपल्याकडचा जुलै म्हणजे ऐन हिवाळा, गारठा फार आहे. समोरच्या घरात पत्र टाकणारा मी गावात एकटाच असेन. पण चौदा महिने अबोला धरल्यावर एकदम दार वाजवायची लाज वाटते.

पत्राचं कारण डचेस. तुझ्याच घरी अंड्यातून निघालेली बजी जातीची निळी पोपटीण. काल सकाळी तिचं पंखातलं नवं पीस मोडलं आणि रक्ताची धार लागली. मी एका हातात तिला धरलं, दुसऱ्याने रक्तावर दाबायला मक्याच्या पिठाचा डबा शोधला. मिळाली कस्टर्ड पावडर. झाकण दातांनी उघडलं. मग काय, ओटा पिवळा, मी पिवळा, आमची निळी राणी पिवळी! रक्त मात्र थांबलं.

तिला तशीच पाखरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. पोरगी तिशीची, पण जीभ आपल्या आईसारखी. म्हणाली, "काका, पेशंट आणलाय की पुडिंग?" मग म्हणाली की कस्टर्ड पावडरीत बरंचसं मक्याचंच पीठ असतं, म्हणून निभावलं, पुन्हा हा उद्योग करू नका, घरी औषधपेटी ठेवा.

आज दुपारी बिस्किटांच्या डब्यात पेटी भरून, डचेसलाही घेऊन बाईंना दाखवायला गेलो. मक्याचं पीठ, जाळीदार पट्टी, बोथट चिमटा, मऊ पंचा, बिनसुईची सिरिंज, ग्रॅमचा वजनकाटा, शेकायला गरम पाण्याची पिशवी. आणि अर्थात टी-ट्री तेल. आईने आपल्या गुडघ्यांपासून कुत्र्याच्या शेपटीपर्यंत कशाला ते लावलं नाही? बाईंनी बाटली दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली. "काका, हे विष आहे पाखराला! आणि ही ब्रँडी?"

"ती माझ्यासाठी."

"ती राहू दे."

मग तिने विचारलं, "पक्षी धरणार कोण? एकाने पंच्यात धरायचं, दुसऱ्याने पीठ लावायचं. काकू आहेत?" म्हटलं, काकू जाऊन सहा वर्षं झाली. "मग दुसरं कोणी?" म्हटलं, समोरच धाकटा भाऊ राहतो, पाखरं धरण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात नाही. "मग काल का नाही बोलावलंत?" मी म्हणालो, तो कामात असतो. थाप मारली. तू दिवसभर अंगणात ऊन खात बसतोस, मला दिसतं.

ऑब्री, गेल्या वर्षीच्या पाखरांच्या प्रदर्शनात तू परीक्षक होतास आणि डचेसच्या पिंजऱ्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता. तू ती कुणाची ते न बघता तिसरा नंबर दिलास. मी चारचौघांत ओरडलो की तुला दिसत नाही, परीक्षकाची खुर्ची सोड. आणि तू खरंच सोडलीस. आज बाईंच्या दिव्याखाली तिच्या गळ्यावरचे सहाही ठिपके नीट पाहिले. एक बारका आहे, त्याचेच तू गुण कापलेस. तुझी नजर शाबूत आहे. मी चुकलो.

खराब झालेत ते माझे हात. वर्षभर थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरतो. कुणाला बोललो नाही. काल डचेस माझ्या मुठीत होती आणि मूठ थांबेना, तेव्हा मला रडू आलं. घाबरलो होतो रे, जोरात दाबली जाईल म्हणून. तुला खिडकीतून हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती मेली असती तर ते पाप रक्ताचं नसतं, माझ्या ताठ्याचं असतं.

शनिवारी तिची नखं कापायची आहेत. कात्री माझ्या हातात द्यायची नाही असं बाईंनी बजावलंय, त्यामुळे धरायचंही तुलाच आणि कापायचंही तुलाच. मी नुसता पीठ घेऊन उभा राहीन आणि तू सांगशील तेव्हा लावीन. शिव्या घातल्यास तरी ऐकून घेईन.

नऊ वाजता ये. आणि शनिवारपर्यंत थांबवत नसेल तर हे पत्र वाचून आत्ताच ये. मी घरीच आहे.

तुझी वाट बघणारा, तुझा थोरला, मूर्ख भाऊ
रेक्स