गोळ्या चुकवते म्हणे!

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझा फोटो मिळाला. गाल चांगले भरलेत! पण भाऊजी म्हणतात, जिना चढताना तू अजूनही मधेच बसतेस. एवढी स्टेरॉइडं पोटात जाऊनही दमा हटत नाही म्हणजे तू गोळ्या चुकवतेस, दुसरं काय! लहानपणी कडू औषध खिडकीतून कोण ओतायचं? म्हणून मीच तुझ्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्यांनाही पटलं. आता डोस वाढवलाय, तो तरी नीट घे.

राग नको, लोभ वाढता ठेव.
तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (रिवाज म्हणून. मनात शिव्या आहेत.)

उत्तराला उशीर झाला, कारण मी दवाखान्यात होते, नाकावर ऑक्सिजन लावून. गाल भरले नाहीत, सुजलेत, त्याच गोळ्यांनी. साखर वाढली, झोप उडाली आणि श्वास होता तिथेच. एक गोळी चुकवली नाही मी! पण तुझ्या फोननंतर डॉक्टर माझं ऐकेनात. बहिणीला खोटं ठरवायला तुला नेमलं कुणी? पाण्याच्या पंपांचा दुकानदार ना तू? मोटर फिरते आणि पाणी चढत नाही, तेव्हा गिऱ्हाईकाच्या गळ्यात मोठी मोटर मारतोस, की आधी पाइप उघडून बघतोस?

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझं ऐकलं, दम्याचा फवारा तोंडाने कसा ओढते ते पाहिलं, मग रक्त तपासलं. काहींचा दमा स्टेरॉइडला दाद देत नाही, माझा तसलाच. आता दर महिन्याला त्वचेखाली एक इंजेक्शन, गोळ्या हळूहळूच कमी. गुण नाही आला तर पुढे काय, हे त्यांनीही सांगितलं नाही. आणि खबरदार त्यांना फोन केलास तर!

लोभ असावा, संशय आवरावा.
तुझी ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न.

काल तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईकं उभी होती, तरी तू सोडलं नाहीस. मी दीडशहाणा, मी डॉक्टरांचा मुकादम, माझ्यापायी तुझे महिने फुकट गेले आणि वर मी सुजेचं कौतुक केलं. मला बोलायला फट मिळेना. माझंही डोकं फिरलं, चारचौघांत किती ऐकायचं! फोन आपटणारच होतो.

मग लक्षात आलं. इतकी वर्षं तू रागवायला लागलीस की तिसऱ्या शब्दाला धापा टाकायचीस आणि मी निसटायचो. काल तू थांबलीच नाहीस. बायकोने येऊन विचारलं, रडताय कशाला. मी फोन तिच्या कानाला लावला.

लोभ असाच मोठ्या आवाजात राहू दे.
तुझा धाकटा