धाकटीचे कान

४ फेब्रुवारी

धाकटी सलग तिसऱ्या दिवशी बाइंडरबाईंकडे! समोरचं ते एका खोलीचं दुकान, दिवसभर पुस्तकांच्या पाठी ठोकणं चाललेलं. आणि ही माझी बहीण – बशीला चमचा लागला तरी जिच्या कानात कळ येते – तिथे दुपारभर कागद जुळवत बसते. घरी कानांवरून न उतरणारे हेडफोन तिथे गळ्यात!

मी काय कमी केलं? घरात अनवाणी चालते. दारांना कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. शिंक आली तर उशीत शिंकते. शिलाई मशीनसुद्धा दोन वर्षांपूर्वी टेलरमास्तरांच्या दुकानात नेऊन ठेवलं. तिथे इस्त्रीच्या वाफेत बसून लोकांचे पडदे शिवते. आणि हिला हातोडी चालते. परक्या बाईची!

५ फेब्रुवारी

जेवताना बाइंडरबाईंचंच कौतुक. मी नुसतं हं हं केलं.

९ फेब्रुवारी

लिहायलाही लाज वाटते. ती तिकडून खुशीत आली. मी ओट्याशी होते. हातातलं झाकण पडलं – नाही, मी पडू दिलं. ती गुडघ्यांत डोकं खुपसून तिथेच खाली बसली. निसटलं गं, म्हणाले मी. तर मलाच म्हणते, "असू दे ताई, तुझी काय चूक?"

त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी

मशीनची सुई बोटात घुसली. बरी अद्दल घडली.

१२ फेब्रुवारी

बाइंडरबाईंशी भांडायलाच गेले होते. माझ्या बहिणीवर काय जादू केलीत, असं खडसावून विचारणार होते. पण दारातच थांबले. बाईंनी हातोडी उचलली आणि म्हणाल्या, "ठोकते गं. चार." धाकटीने मान हलवली. मोजून चार ठोके. मग कागद कापण्याआधी तसंच, खुर्ची सरकवण्याआधी तसंच. धाकटीचे खांदे अगदी सैल.

न भांडता परत आले. इतकं सोपं? आणि ते त्या बाईला सुचावं, मला नाही! जळफळाट कमी व्हायचा तर वाढलाच.

१५ फेब्रुवारी

धाकटीला विचारून मशीन घरी आणलं. "सुरू करते गं. एकच शिवण." तिने मान हलवली. हेडफोन गळ्यातच राहिले.

शिवण संपल्यावर हळूच म्हणाली, "ताई, तू अशी चोरपावलांनी फिरायचीस ना... मी दिवसभर कान टवकारून बसायचे, आता काय वाजेल म्हणून. घरात मला सगळ्यात जास्त धास्ती तुझीच वाटायची."

मी हातातला पडदा घडी करून बाजूला ठेवला.

"सांगते गं. वाईट आहे."

तिने मान हलवली. मी झाकणाचं खरं सांगून टाकलं.