दीड चमचा

६ एप्रिल

चि. छोटीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद पहिल्याच ओळीत उरकून घेतो, कारण पुढे तो द्यायची इच्छा राहील असं वाटत नाही.

काल तुझं साप्ताहिक आलं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तरी नेहमीप्रमाणे मी आधी तुझं सदर उघडलं. बाजारातली चॉकलेटची आइस्क्रीमं तू चाखलीस आणि प्रत्येकाला पाचपैकी चमचे दिलेस. तुझी ही चमचे देण्याची पद्धत मी आजवर लोकांना कौतुकानं समजावून सांगत आलो. काल बँकेच्या कॅशियरनं ती मला समजावली. त्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि काळूरामला दीड चमचा मिळाल्याचं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात मला कळवलं. काळूराम म्हणजे माझा काळूराम. काडीवरचं आइस्क्रीम, वर काळ्या चॉकलेटचा जाड थर. लग्नाच्या आधीपासून मी तो मागच्या खोलीत स्वतःच्या हातानं करतो, आणि त्याच्या काड्या चोखत तू लहानाची मोठी झालीस.

शून्य दिलं असतंस तर लोक म्हणाले असते, बहीणभावाचं काहीतरी बिनसलंय. पण दीड? तो वरचा अर्धा कशाबद्दल, काडीबद्दल? आणि त्याच पानावर त्या मोठ्या कंपनीच्या तीन थरांच्या कपाला चार चमचे. लोक आता विचारतात की तुझी बहीण चमचे देते की कुणाची चमचा झाली आहे. मी काय उत्तर देऊ?

तू लिहितेस, वरचा थर करपट लागतो आणि आतलं आइस्क्रीम औषधाच्या बाटलीची आठवण करून देतं. तीच कृती आहे, तोच कोको आहे, तेच हात आहेत. पुलाजवळच्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर उन्हाळाभर काळूराम ठेवणार होता. आज त्याचा निरोप आला की जरा थांबू या. त्याच्या भरवशावर मी दुसरा डीप फ्रीझर आणून ठेवलाय, तो रिकामाच घरघरतोय.

पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. तुझी वहिनी बरी आहे, फक्त बोलत नाही. तब्येतीला जप. इतकं गार खाऊन घसा धरेल.

रागावला असला तरी तुझाच,
दादा

११ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घसा धरलेला नाही, पण तुझं पत्र वाचून आवाज मात्र चढला आहे. ऑफिसातल्या टायपिस्टनं दोनदा वळून पाहिलं.

दुरुस्ती छापणार नाही. दुरुस्ती चुकीची करतात. मला पहिला काळूराम सिनेमाघराच्या कँटीनमध्ये मिळाला. खाल्ला आणि वाटलं, त्यांनी नीट ठेवला नसेल. म्हणून बसस्टँडवरून दुसरा आणला. मग तिसरा, चौथा. जिभेवर दुसरं काही ठेवलेलं नाही अशा एका दिवशी सकाळी उपाशीपोटी एक खाल्ला. दरवेळी वेष्टन काढताना मनात म्हणत होते, आज तरी हा आपल्या दादाचा निघू दे. तो अर्धा चमचा वरच्या थराच्या कडकन मोडण्याबद्दल आहे. ते अजून तसंच आहे, म्हणून दिला. काडीबद्दल नाही.

संपादक स्वतः म्हणाले होते की भावाचं आहे तर गाळून टाका. मी म्हटलं, गाळला तर वाचक विचारतील, आणि चढवून लिहिला तर माझा भाऊच मला विचारेल. तुला आठवत नसेल, पण मला मागच्या खोलीत उलट्या बादलीवर बसवून, डोळे मिटायला लावून तू चाखायला द्यायचास. मी छान म्हटलं की रागवायचास. छान हे मत नव्हे, काय लागलं ते सांग, म्हणायचास. आता सांगितलं, तर दुरुस्ती छाप म्हणतोस. ही कुठली रीत?

आणि आता मी विचारते. करपलेल्या चॉकलेटचं पातेलंच्या पातेलं मोरीत ओतणारा माणूस तू. हा माल दुकानाबाहेर गेलाच कसा? कोको बदललास का? त्या हॉटेलसाठी जास्त माल काढायचा म्हणून स्वस्त तुपाची भेसळ सुरू केलीस का? तसं असेल तर दीडही जास्त झाला.

वहिनी का बोलत नाही, तेही कळव. तुझ्याकडून कौतुकाची सवय लागलेली, म्हणून जास्तच बोचलेली,
छोटी

१५ एप्रिल

चि. छोटीस,
आशीर्वाद.

सोबत कोकोच्या पोत्याचा छापील तुकडा कापून पाठवला आहे. तोच व्यापारी, तीच जात. वाचून घे.

भेसळ हा शब्द या दुकानात आजवर कुणी उच्चारला नव्हता. तो माझ्या बहिणीनं लिहून पाठवावा आणि वर पोस्टाचं तिकीट लावावं, याचं मला जे वाटलं ते कागदावर मावणार नाही. यापुढे तुझं पाकीट आलं तर न उघडता परत करीन.

दादा

१९ एप्रिल

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, हे तुम्ही जाणता. यांच्या पत्राखाली दोन ओळी लिहिते, त्याही जागा उरली तर. आज आख्खा कागद माझा आहे. हे व्यापाऱ्याकडे भांडायला गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते.

तुमचाही राग आलाय आणि यांचाही. तुमचा यासाठी की भेसळीचं विचारलंत. भेसळ करणारा माणूस झोपतो. हे झोपत नाहीत.

थंडीत यांना ताप आला होता, तो चार दिवसांत उतरला म्हणून आम्ही कुणालाच कळवलं नाही. त्यानंतर एकदा दूध उतू जाऊन करपलं. मी गच्चीवर होते, मला तिथं वास आला. धावत खाली आले, तर हे शेगडीशेजारी खुर्चीत पेपर वाचत बसलेले. धूर दिसला तेव्हा उठले. मी काही विचारलं नाही, यांनीही काही सांगितलं नाही. मग व्हॅनिलाची बाटली महिना भरायच्या आधीच संपायला लागली. मग चॉकलेट करपलं. मी म्हटलं, हे करपलंय. तर म्हणाले, तुला काय कळतं, चहात अर्धी बरणी साखर घालणारी तू. त्या दिवसापासून मी बोलणं सोडलं.

वन्सं, लग्न झाल्यापासून मी त्या मागच्या खोलीत काळूरामला कागद गुंडाळते आहे. तुम्ही चाखलंत, कॅशियरनं चाखलं, व्यापाऱ्यानं चाखलं. सगळ्यांना विचारलं, कसं लागतंय. मला एकदाही कुणी विचारलं नाही. मी सांगितलं तेही न विचारता सांगितलं, म्हणून ते मोजलं गेलं नाही. तुम्ही छापलंत तेच मी दोन महिने आधी बोलले होते. फरक एवढाच की मला साप्ताहिक नाही.

यांच्या नाकाला वास येत नाही. हे त्यांना ठाऊक आहे, पण मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. लगेच गाडीत बसून येऊ नका. तुम्ही रडाल आणि ते दुकान बंद करतील. काय करायचं ते लिहा. पत्र समोरच्या शिंपिणीच्या पत्त्यावर पाठवा, इथलं परत येईल.

तुम्ही आहात म्हणून हे लिहिण्याचा धीर केला.
तुमची वहिनी

२३ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी टेबलावरचं सगळं आवरलं, पुन्हा पसरलं, आणि मग दादावर इतकी चिडले की चप्पल घालून खाली रस्त्यापर्यंत जाऊन आले. ताप आला ते कळवायचं नाही, नाक गेलं ते सांगायचं नाही, आणि वर मला पोत्याचे तुकडे पाठवायचे. मी त्याला चोर ठरवलं आणि त्यानं ठरू दिलं. वास येत नाही एवढे तीन शब्द लिहायला त्याला जड गेले.

आणि तुझ्यावरही चिडले होते, पण तुझा तो साप्ताहिकाचा टोला वाचून गप्प बसले. बरोबर आहे तुझं. त्या खोलीत मी किती वेळा आले, बादलीवर बसले, खाल्लं, आणि तुझ्या हातात फक्त कागद पाहिले.

आता ऐक. एक, त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे ने, भांडून ने, पण ने. दोन, शिंपिणीकडे बर्फाच्या डब्यातून एक खोकं येईल. त्यात चॉकलेटच्या वड्या आहेत आणि काही आइस्क्रीमचे कप, सगळ्यांवरची नावं काढून टाकलेली. एकेक चाख, मध्ये कोमट पाणी पी, आणि काय लागलं ते मला लिही. छान लिहिलंस तर मीही रागावेन.

पाकीट पोचताच लिही. इथं जीव टांगणीला आहे.
तुझी छोटी

३० एप्रिल

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

खोकं मिळालं. शिंपिणीनं दोन वड्या आधीच खाल्ल्या होत्या, तिचं मत मी घेतलं नाही.

गोल वडी आधी गोड लागते आणि मग काहीच लागत नाही, नुसता पिठाचा लगदा उरतो. दोन चमचे. लांबट वडीला सुरुवातीला भाजल्याचा चांगला वास आहे, पण तो कुणीतरी वरून लावल्यासारखा, पुसला की गेला. अडीच. चौकोनी कडू वडीत संत्र्याची साल आहे, ती उगाच पुढे पुढे करते, पण चॉकलेट खरं आहे. साडेतीन.

आणि तो तीन थरांचा कप. हाच तुमचा चार चमचेवाला ना? वन्संबाई, तुम्ही हा फ्रीझरमधून काढल्या काढल्या खाल्लात. मी बशीत ठेवला आणि कपडे वाळत घालून आले. थोडा मऊ झाल्यावर खाल्ला तर टाळ्याला मेण चिकटलं. कोमट पाण्यानंही जाईना. गारव्यानं तुमची जीभ बधिर केली आणि तुम्ही चार चमचे देऊन मोकळ्या झालात. माझ्याकडून एक, आणि तोही रिकामा. ज्या पानावर काळूरामला दीड दिलात तिथं हे छापलंत, याचा मला भयंकर राग आला आहे. काळूराम करपलेला होता, पण तो चॉकलेटचा होता.

आता यांचं. मी चाखत बसले होते तेवढ्यात हे आत आले. काय चाललंय विचारलं. मी बोलत नव्हतेच, तेव्हा बोलले नाही, बशी पुढे सरकवली. यांनी चौकोनी वडी उचलली, डोळे मिटून खाल्ली, आणि म्हणाले की साधं चॉकलेट आहे, थोडं कडू. यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं की यात काय आहे. मी सांगितलं, संत्रं. बशीतल्या सगळ्या वड्या एकामागून एक नाकाशी धरून पाहिल्या आणि पुन्हा जागेवर ठेवल्या. मला ते बघवेना, म्हणून मी नळ सोडून भांडी घासायला लागले.

दुसऱ्या दिवशी आपणहून डॉक्टरकडे आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापानं असं होतं. काहींचं परत येतं, काहींचं अर्धंमुर्धं येतं, काहींचं नाही. रोज वेगवेगळे वास घेत राहा. घरी येऊन यांनी फ्रीझरमधला सगळा काळूराम ओतून टाकला. मला मदत करू दिली नाही.

आज सकाळपासून नवीन पातेलं चढवलंय. हे ढवळतात, मी चाखते. भांडतो आहोत. तुम्हाला तिथंवर ऐकू येत नसेल तर नवल आहे.

माया आहे तशीच राहू द्या, चमचे मात्र नीट मोजा.
तुमची वहिनी

२२ मे

चि. छोटीस,
अ. उ. आ.

या वेळचे आशीर्वाद मनापासून आहेत. बाकी मजकूर तक्रारीचा आहे.

तुझ्या वहिनीला तू काय शिकवून ठेवलंस? पहिलं पातेलं तिनं नापास केलं, चटका लागलाय म्हणून. दुसरं केलं, तर आच कमी पडली म्हणाली. आच किती हवी ते मला हातानं कळतं, पळी कशी जड होते त्यावरून, आणि मी तसं सांगितलं. तर म्हणाली की पळी खात नाहीत लोक. तिसऱ्याला तीन चमचे दिले. मला वाटलं, चला, सुटलो. मी निरोप धाडला, आणि त्याच दुपारी हॉटेलचा मॅनेजर स्वतः माल न्यायला आला. मी डबे भरायला घेतले, तर ही दारात उभी राहिली आणि त्याला म्हणाली की अजून झालेला नाही, पुढच्या आठवड्यात या. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघत होतो. आयुष्यात माझा इतका पाणउतारा कुणी केला नाही, तुझं दीड चमच्याचं सदर धरून.

चौथ्याला तिनं साडेचार दिले. अर्धा का कापला विचारलं, तर म्हणाली मला साडेचारच लागले. मॅनेजर ते घेऊन गेला आणि परवा आणखी मागवले. त्याबद्दल मी तिचं कौतुक केलेलं नाही, करणारही नाही, तूही करू नकोस. डोक्यावर बसेल.

दुरुस्ती तर तुला छापावीच लागेल. काळूरामची नव्हे. त्याला तू दिलंस ते तेव्हाचं खरं होतं, आणि भेसळीचं जे विचारलंस त्याचा राग मी अजून सोडलेला नाही, सावकाश सोडीन. दुरुस्ती छाप त्या तीन थरांच्या कपाची. तुझी वहिनी म्हणते त्यात मेण आहे. मला त्याची चव कळत नाही, पण तिनं टाळ्याला मेण चिकटतं म्हणून सांगितलं आणि मला ते लगेच पटलं. चार चमचे देताना तुला लाज वाटायला हवी होती. मी शिकवलेलं सगळं फुकट गेलं म्हणायचं.

माझ्या नाकाचं म्हणशील तर परवा साबणाचा वास आल्यासारखा झाला, बहुधा आठवणीतला असेल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं रोज सकाळी लवंग, लिंबू, कॉफी हुंगत बसतो. गिऱ्हाइकांना वाटतं मी नवीन काहीतरी काढतोय. वाटू दे.

रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी आम्ही एक काळूराम दोघांत खातो. मला त्यातला गारवा कळतो, गोडी कळते, आणि मोडल्याचा आवाज येतो. बाकीचं ती सांगते. मी म्हणतो, असं नसेल. ती म्हणते, असंच आहे. काल अगदी शेवटचा घास खाऊन झाल्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, सगळं विरघळून गेलं ना, की मागे किंचित मनुकांसारखं काहीतरी रेंगाळतं, पण तुम्हाला सांगायचं राहून जातं, कारण ते अगदी थोडं असतं.

छोटी, ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यासाठीच तर तो कोको मी कधी बदलला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते फक्त मलाच लागतं.

येऊन जा. आणि येताना घसा सांभाळ.
तुझा,
दादा