पदराखालची मजुरी

माय, मागच्या आठवड्यात सौंसरला माझं भाषण होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पन्नासेक बाया आणि मुली बसल्या होत्या. विषय त्यांनीच दिला होता: आपला पगार दुसऱ्याला सांगावा की नाही. या विषयावर मी तीस वर्षांच्या वर बोलत आले आहे. शिक्षिकांपुढे, अंगणवाडीच्या बायांपुढे, सूतगिरणीच्या फाटकावर, आणि दरवेळी बोलते ते एकच. मजुरी झाकून ठेवायला सांगतो मालक, आणि झाकून ठेवतो मजूर. कुलूप त्याचं, पण पहारा आपला. या वाक्याला टाळ्या पडतात. हल्ली त्या पडायच्या आधीच मला ऐकू येतात आणि तेवढ्या वेळात माझी नजर पाण्याचा ग्लास शोधत असते. त्या वाक्याचा मला शीण आला आहे, माय. पण ते खोटं नाही, म्हणून टाकूनही देता येत नाही.

भाषण संपल्यावर एक मुलगी उठली. नागपुरात एका दवाखान्यात नोकरी करते. म्हणाली, "ताई, ही नोकरी मला माझ्या मैत्रिणीनं सांगितली. आता मला तिच्यापेक्षा चार हजार जास्त मिळतात. तिला माहीत नाही. सांगू का?" अशा प्रश्नावर मी एरवी वीस मिनिटं बोलले असते. त्या दिवशी एवढंच म्हटलं, "सांग. दुसरं कुणी सांगायच्या आत सांग." आणि खाली बसले. आणखी काही येईल म्हणून बायका वाट बघत राहिल्या. शेवटी आयोजकांनी आभार मानून टाकले. बसमध्ये खिडकीशी बसून मी बागा बघत आले आणि घरी आल्यावर ही वही काढली. तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली. आपलं पांढुर्णा आता जिल्हा झालं आहे. तुला ते सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "मंग संत्र्याचा भाव वाढला का?"

मावशीपासून सुरुवात करते, कारण सगळं तिच्यापाशीच अडलं आहे. ती काही माझी सख्खी मावशी नव्हती. जाम नदीच्या पलीकडे सावरगावात तिचं घर, अलीकडे आपलं. तिचं कुणब्याचं, आपलं बौद्धांचं. आपल्या घरचं पाणी ती पहिल्या दिवसापासून प्यायली, आणि त्याबद्दल दोघींपैकी कुणीही कधी शब्द काढला नाही. पोळ्यानंतरच्या गोटमारीच्या जत्रेत दोन्ही काठांनी एकमेकांवर दगड फेकले की दुसऱ्या दिवशी ती नदी ओलांडून दारात हजर. "काय वं, यंदा तुमच्याइकडं किती डोस्के फुटले?" आणि तू पिठाचे हात झटकत म्हणायचीस, "तुमच्यापेक्षा दोन कमी." बाबा गेल्यावर तुला संत्र्याच्या गोदामात कामाला लावलं ते तिनंच. समोरासमोर दोन ओळींत पोत्यांवर बसलेल्या बाया, मधे संत्र्यांचा ढीग, बाजूला पेटीत अंथरायचं तणस आणि लाकडी पेट्या. लहान, मध्यम, मोठं फळ वेगळं करायचं, डागी बाजूला टाकायचं. मावशीला फळ नुसतं तळव्यावर घेतलं की कळायचं ते कोणत्या पेटीतलं. नव्या बाया तिच्या हाताकडे बघून शिकायच्या. तूही तशीच शिकलीस.

गोदाम एका शेठचं होतं, पण बायांना कामावर घ्यायची ती त्याची विधवा बहीण. तिला सगळ्या बाईजी म्हणत. आपल्याकडे बागेचा सौदा करताना व्यापारी दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरतात, भाव तोंडानं बोलत नाहीत, हे आपण लहानपणापासून पाहिलेलं. बाईजीनं तीच रीत मजुरीला लावली. हंगामाच्या सुरुवातीला ती एकेकीला आतल्या खोलीत बोलावणार, आपला पदर तिच्या हातावर टाकणार आणि खालून बोटं दाबणार. जेवढी बोटं, तेवढे रुपये रोज. अर्ध्या रुपयाला करंगळीचं पेर. मग हळूच, "देख, ये तेरे-मेरे में. तुलेच जास्त देऊन राहिली. दुसरीले सांगू नको." आणि बाया बाहेर यायच्या त्या ताठ मानेनं. बागवानाशी करतात तसा सौदा आपल्याशी केला, याचा त्यांना मान वाटायचा. मीसुद्धा तुला एकदा तशी बाहेर येताना पाहिलं आहे. प्रत्येकीला वाटायचं, मलाच जास्त. म्हणून प्रत्येकीला दुसरीची थोडी दया यायची. एवढ्या स्वस्तात बायांचं तोंड बंद ठेवणारी युक्ती मी पुढे मोठमोठ्या कचेऱ्यांत पाहिली, पण बाईजीइतकी सफाई कुणाकडे नव्हती.

मी वीस वर्षांची. सौंसरच्या कॉलेजात जाते, कारण तिथल्या एका सरांकडे कपाटभर पुस्तकं आहेत आणि विहारातली सगळी माझी वाचून झाली आहेत. रोज बसनं जाते, बसनं येते, आणि तिकिटाचे पैसे कुठून येतात ते कधी विचारत नाही. एका संध्याकाळी चुलीपुढे तुला विचारते, "माय, तुला रोज किती मिळतो?"

"काहून? तुह्या पुस्तकात नाई लिहेल का?"

चार दिवस मी पिच्छा सोडला नाही. पाचव्या दिवशी तू भाकर तव्यावर टाकलीस, पिठाचा हात पदराखाली घेतलास आणि माझी पाच बोटं दाबलीस. मग आणखी दोन. घरात आपण दोघीच होतो, तरी तू तोंडानं बोलली नाहीस. मी विचारलं, "आणि मावशीला?" तू भाकर उलटलीस. "तिले पाच." तुला कसं ठाऊक, असं म्हटल्यावर म्हणालीस, "बाजारात तिच्या पदराची गाठ सुटते तवा मी बाजूलेच राहतो ना." मग सगळं सांगितलंस. दोन हंगामांपूर्वी तू बाईजीपाशी गेली होतीस. पोरगी शिकून राहिली, बसचा खर्च आहे, असं म्हणाली होतीस. तिनं दोन रुपये वाढवले आणि बजावलं, कुणाला बोललीस तर वाढवलेले जातील.

"आणि तू मावशीला सांगितलं नाहीस? जिनं तुला तिथं नेलं तिला?"

"सांगीन. तुही परीक्षा होऊ दे. मंग सांगीन."

माझ्या डोक्यात तेव्हा काय पेटलं ते आज लिहितानाही थोडं पेटतं. ज्या बाईच्या हाताकडे बघून सगळं गोदाम शिकलं तिला तुझ्याहूनही कमी, कारण तिनं कधी मागितलं नाही! तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला न जाता गोदामात आले. दुपारची सुट्टी. बाईजी जेवायला घरी गेलेली. बायांनी भाकरीची फडकी सोडलेली. मी एक रिकामी पेटी पालथी घातली आणि तिच्यावर उभी राहिले. दुसऱ्याचं उघडं करायच्या आधी आपलं उघडं करावं, असं मला वाटत होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता. म्हणून पहिलंच वाक्य मी बोलले, "माझ्या मायला सात रुपये रोज मिळतो. आता तुम्ही सांगा, तुम्हाला किती?"

तुझा घास हातात राहिला. मग भिंतीकडून आवाज आला, "मले सहा." दुसरी म्हणाली, "मले साडेपाच." "मलेबी साडेपाच! अन् बुढी म्हणे का तुलेच जास्त देऊन राहिली!" "मलेबी तसंच म्हणे वं! लबाड कुठची." बायका हसायला लागल्या, मला वाटलं जमलं. तेवढ्यात मावशी म्हणाली, "पाच." ती माझ्याकडे बघत नव्हती. तुझ्याकडे बघत होती. हसणं थांबलं. तिनं उरलेली भाकर फडक्यात बांधली, उठली आणि समोरच्या ओळीत जाऊन बसली. आणि मी बोलत राहिले, माय. अर्धा तास बोलले. त्यानंतर हजार भाषणं केली असतील, पण तसं पुन्हा जमलं नाही.

दुपारनंतर बायांनी फळाला हात लावला नाही. संध्याकाळच्या गाडीनं माल जायचा होता. शेठ स्कूटरवरून आला. "क्या तमाशा लगा रखा है?" एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "तमाशा नाई शेठ, पाच अन् सातातलं अंतर मोजून राहिलो." त्यानं ढिगाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बहिणीला बाजूला नेऊन काहीतरी बोलला आणि परत येऊन म्हणाला, "सगळ्याइले सहा. कोणाले जास्त नाही, कोणाले कमी नाही. लागा कामाले." बाया कामाला लागल्या. मावशीचा एक रुपया वाढला, तुझा एक गेला. मी पेटीवरून उतरले तेव्हा मला वाटत होतं, मी जिंकले. आणि खरंच जिंकले होते. ते मी आजही नाकारत नाही. त्या गोदामात त्यानंतर पदराखाली कुणाची बोटं दाबली गेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चूल पेटवत होतीस. मी वाट बघत होते, की तू रागावशील आणि मी उत्तर देईन. माझी सगळी उत्तरं तयार होती. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू बोलली ते खरं हाय. पण ते माह्या तोंडानं बोलाचं होतं." बस, एवढंच. त्या रुपयाची भरपाई तू रविवारी दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचून केलीस. माझी बस एक दिवसही चुकू दिली नाहीस.

मावशी परत आपल्या ओळीत आली नाही. भांडण नाही, शिवी नाही. समोर बसायची, फळं निवडायची, आणि ढिगात तुमचे हात एकमेकींजवळ आले की आपला मागे घ्यायची. एकदा तू नदी ओलांडून तिच्या घरी गेलीस. मी पुलापर्यंत सोबत होते. पाव तासात परत आलीस आणि म्हणालीस, "घरी नव्हती." तिच्या घराचा धूर मला पुलावरून दिसत होता. असे तीन हिवाळे गेले. मग तुझा ताप, मग नागपूरचा दवाखाना, मग काही नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मावशी आली. बाया भिंतीला टेकून बसलेल्या. ती सरळ आत आली, विझलेल्या चुलीपाशी माझ्याजवळ बसली आणि अगदी हळू विचारलं, "एक सांग मले. तुह्या मायले ठाऊक होतं का, का मले पाचच भेटते?"

तीन वर्षं ती हाच प्रश्न घेऊन तुझ्या समोर बसली होती, माय. तुला सात मिळत होते याचा तिला राग नव्हताच. तुला माहीत असून तू गप्प होतीस की काय, एवढंच तिला हवं होतं. आणि सत्य उघड्यावर आलं पाहिजे असं गावोगाव सांगणारी मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नाही मावशी. तिला नव्हतं ठाऊक."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "मंग मीच येडी. तीन वर्सं बाईशी बोलली नाई मी. तिचा काय कसूर होता?" आणि अशी रडली की बाहेरच्या बाया आत आल्या. नंतर तिनंच चूल पेटवली, सगळ्यांना चहा केला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते खोटं मी तुझ्यासाठी बोलले, तुझं नाव राहावं म्हणून. कधी म्हटलं, तिच्यासाठी बोलले, तिला तिची मैत्रीण परत मिळावी म्हणून. दोन्ही खरं नाही. तुला ठाऊक होतं, असं मी म्हटलं असतं तर पुढे हेही सांगावं लागलं असतं की तू तिला सांगणार होतीस, माझी परीक्षा झाली की सांगणार होतीस, आणि मी तेवढीही वाट पाहिली नाही. ते मला सांगायचं नव्हतं. म्हणून तुझा कसूर मी पुसला, माझा झाकला, आणि दोन्हींचं ओझं त्या बाईच्या डोक्यावर दिलं, जिचा काहीच कसूर नव्हता. मजुरी उघडी असावी, हे माझं मत आजही बदललेलं नाही. उद्या कुणी विचारलं तर तेच सांगीन. फक्त ते सांगताना, पूर्वी म्हणायचे तसं, मी संत्री निवडणाऱ्या बाईची, तुझी मुलगी आहे असं आता कुठे म्हणत नाही.

मावशी अजून आहे. नव्वदीला आली. दिसतं कमी, ऐकू बरं येतं. परवा मी सावरगावातून जात होते, ती दारात खाटेवर बसली होती. पावलांवरून ओळखलं. भाषणं करते म्हणून मला ती वक्तीच म्हणते. म्हणाली, "कोण, वक्ती का वं? बस जरा. तुह्या मायचं बोलू." मी म्हटलं, "सभा आहे, मावशी. उशीर होऊन राहिला."

सभा नव्हती.