भिंगरीच्या फ्रॉकचं अस्तर

सोमवार, ३

आलो एकदाच्या! सामान कमी आणि पसारा जास्त, पण खोली झकास आहे. खाली दुकान, वर आम्ही दोघी, मी आणि माझी पोरगी. तिला सगळे भिंगरी म्हणतात. ती एका जागी बसली, की मी आधी तिच्या कपाळाला हात लावून बघते, ताप तर नाही ना! आल्या आल्या जिना वरखाली करून तिनं मालकीणबाईंना पार भंडावून सोडलं. त्या रागावल्या नाहीत. उलट मलाच म्हणाल्या, बाईबिई नको, मावशी म्हण. इतक्या मायेनं बोलणाऱ्या माणसांची मला सवयच राहिलेली नाही. उगीच डोळे भरून आले, मग मी भांडी घासत बसले.

दुकान म्हणजे कापड कापायचं एक मोठं टेबल, तीन मशिनं आणि छताला भिडलेले तागे. भिंतीपलीकडे रानातल्या जनावरांचा दवाखाना. गाडीखाली सापडलेली, तारेत अडकलेली, आई मेलेली, सगळी तिथे येतात. त्यांच्यासाठी आम्ही शिवायचं. पिल्लांच्या पिशव्या, वटवाघळांचे झोके, मोडक्या पंखांच्या पट्ट्या. आजवर लोकांच्या बाह्या आखूड-लांब करण्यात जन्म गेला. खारीचं पिल्लू निदान काखेत घट्ट होतंय म्हणून परत यायचं नाही.

गुरुवार, ६

पिशवीची खरी गोम अस्तरात आहे. बाहेरून जाड कापड चालतं, आतलं अस्तर मात्र नवं नसतं आणि धुतलेलंही नसतं. दवाखान्यातल्या मोठ्या जनावरांच्या अंगाखाली फडकी टाकून ठेवतात. कोल्हिणीखालचं फडकं कोल्ह्याच्या पिल्लाला, खारीचं खारीला. आईसारखा वास आला की पोरकं पिल्लू दूध ओढतं, नाहीतर उपाशी मरतं. काय एकेक वास! पहिल्या दिवशी मला ओकारीच यायची बाकी होती. मावशी पोट धरून हसली.

एका गोष्टीवर मात्र हसली नाही. माणसाच्या अंगावरचं कापड अस्तराला कधी लावायचं नाही म्हणाली. पिल्लू मग माणसालाच आपलं समजतं, रानात सोडता येत नाही. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा काही केल्या ओवला जात नव्हता.

सोमवार, १०

मावशी बहिणीकडे गेलीय आणि आजच नेमकी घाई. दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतःच धावत आल्या. एक पिल्लू आलंय, मुठीएवढं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कुठल्या जातीचं ते त्यांनाही कळेना. दुधाला तोंड लावत नाही. अस्तर कुठलं लावू विचारलं तर म्हणाल्या, जनावरच ओळखता येत नाही तर फडकं कुणाचं देऊ? मऊ काहीतरी लाव आणि लवकर दे.

मऊ! दुकानात सगळं खरखरीत. वर गेले. खुर्चीवर भिंगरीचा आखूड झालेला फ्रॉक पडला होता, सकाळीच अंगातून काढलेला. धुऊन धुऊन लोण्यासारखा झालाय. मावशीचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण तिकडे पिल्लू मरत होतं, आणि हातावर हात ठेवून बसणं मला कधी जमलंय? कापला, शिवला, दिला.

संध्याकाळी निरोप आला, पिशवीत ठेवल्याबरोबर दूध ओढलं. जीव भांड्यात पडला. मावशीला कशाला सांगायचं?

शनिवार, १५

पिशव्या पोचवायला गेले तेव्हा पिल्लू पाहिलं. वाढतंय कसलं, फुगतंय! आधी तोंड लांबट होतं म्हणे, आता बसकं झालंय. केस आलेत, पण फक्त डोक्यावर. डॉक्टरीणबाई खूशही आहेत आणि चक्रावल्यात पण. काचेच्या पेटीत ते अस्तर मुठीत धरून झोपलं होतं. पंजा म्हणायला जीभ रेटत नाही. नीट बोटं आहेत, नखं आहेत. मी वाकले तर झोपेतच मिटक्या मारल्या.

परत येताना इतकी भराभर चालले की धाप लागली. कारण काहीच नव्हतं.

भिंगरी आज जिन्यावर नुसती बसून होती. दमले म्हणते. दमली, आणि ही!

मंगळवार, १८

भिंगरी जेवत नाही. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी जीभ बघितली, छाती तपासली आणि काही झालेलं नाही म्हणून परत पाठवलं. काही झालेलं नाही म्हणे! डोळे फुटले का त्यांचे?

दुपारी तिला कुशीत घेऊन पडले. डोक्याचा वास घेतला, रोज घेते तसा. दूध, घाम, पेन्सिलीचं कातरण, असा वास आहे माझ्या पोरीचा. आज काहीच नव्हतं. मानेपाशी हुंगलं, तळवे हुंगले. भिंतीला असावा तेवढाही वास नाही. मला सर्दी झाली असेल म्हणून खाली जाऊन कोल्हिणीचं फडकं हुंगलं. तो भपकारा थेट डोक्यात गेला.

बसवत नाही. घरभर फिरतेय.

बुधवार, १९

मावशी आली. सगळं सांगून टाकलं. वाटलं चिडेल. ती मटकन खालीच बसली.

असंच एक पिल्लू पूर्वी आलं होतं म्हणाली. डॉक्टरीणबाई तेव्हा इथे नव्हत्या. तेव्हा कोल्हिणीच्या पिल्लाखालचं फडकं अस्तराला लावलं गेलं. ते हळूहळू हुबेहूब त्या पिल्लासारखं झालं, आणि खरं पिल्लू वाळत गेलं. एक दिवस ते तोतया पिल्लू पेटीतून निघून कोल्हिणीच्या पिंजऱ्यात शिरलं. तिनं त्याला चाटलं, पोटाशी घेतलं. आणि आपल्या पोटच्या पिल्लाला मानेला धरून उचललं, आणि — पुढचं मावशीला बोलवेना.

तिला कळलंच नाही का, मी विचारलं. मावशी म्हणाली, तिला नाकानं सांगितलं तेवढंच कळलं.

उद्या ती पिशवी परत आणते. अस्तर उकळत्या पाण्यात टाकते. जाळते.

गुरुवार, २०

पेटी रिकामी. झाकण उघडलेलं, आतून. पिशवी तिथेच होती. अस्तर उसवून नेलंय — फाडलेलं नाही, एकेक टाका उसवलेला.

डॉक्टरीणबाई आवारभर शोधतायत. कोल्ह्यानं पळवलं असेल म्हणतात. असेल, बाई, असेल.

शुक्रवार, २१

खिडकीतून आवारात बघितलं. मावशी हात हलवून ओरडली — पोरगी बरी झाली वाटतं, आत्ताच माझ्यासमोरून उड्या मारत गेली.

भिंगरी माझ्या मांडीवर होती.

तिला उचलून खिडकीशी नेलं, मावशीलाही कळलं मग. तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

शनिवार, २२

निघायचं. इथून लांब, कुठेही. उद्या सकाळी मावशी गाडी आणते म्हणाली. भिंगरीला उभं राहता येत नाही. उचलून नेईन. पाठीवर बांधून नेईन.

जिन्यावर सारखं कुणीतरी वरखाली — जाऊन बघते तर कुणी नाही. पण कठड्याला वास आहे. दूध आणि —

मी कठडा हुंगत उभी होते. बराच वेळ. मला बरं वाटत होतं. देवा, मला बरं वाटत होतं!

रविवार

मावशी गाडी आणायला गेलीय. भिंगरी अंथरुणात. ओठ हलतात, आवाज नाही.

दारात पावलं. आई, उघड ना. तिचाच आवाज, लाडात आली की काढते तो.

कडी लावलीय.

लिहून ठेवते, म्हणजे चुकणार नाही. अंथरुणातली माझी. अंथरुणातली माझी. हिला वास नाही, पण हीच माझी. गार हात माझ्या हातात आहे तीच —

दाराच्या फटीतून येतोय. घाम, पेन्सिलीचं — छाती भरून आली. नाक दाबलं. तोंडानं श्वास — तोंडातूनही येतो.

अंथरुणातली —

मी कडी काढणार नाही. कडी —

किती वेळ बाहेर उभी होती बिचारी! गळ्यातच पडली. कसली दमलीय नि कसलं काय, नाचतेय नुसती, माझी भिंगरी! आणि अंथरुणात हे कुणी आणून झोपवलंय? कसलाच वास नाही याला. माझ्याकडे टक लावून बघतंय, ओठ हलवतंय. पोरीच्या जागेवर कशाला हे? आधी याला मानेला धरून उचलते आणि